रंगाखालची खूण

नारळी पौर्णिमेसाठी बाबांनी होडीसोबत तिचं जुनं पेट्रोल इंजिनही हौसेने रंगवलं. साफ करायला काढलेला, प्लगना ठिणगी वाटणारा डिस्ट्रिब्युटर परत बसवला, तर इंजिन नुसतं खोकू लागलं. उद्या नारळ वाहून सगळ्या होड्या निघणार होत्या, आमची सोडून.

बोरिवलीच्या जेट्टीवर फेरीबोटीची वाट बघणारा एक माणूस चपला काढून आमच्या होडीत उतरला. वाकोल्यात टॅक्सी दुरुस्त करतो म्हणाला. पुलीवर नख घासून हसला. "काका, ठिणगीच्या वेळेची, टायमिंगची खूणच रंगवलीत ना! इंजिनाचे डोळे बुजवलेत."

बाबा ओशाळले.

त्याने प्लग काढून त्याच्या भोकावर अंगठा दाबला आणि मला पुली फिरवायला लावली. आतल्या हवेने अंगठा ढकलला, तेव्हा खूण जुळवून डिस्ट्रिब्युटर बसवला. इंजिन सुरू झालं. आवाज एकसारखा होईपर्यंत तो डोळे मिटून डिस्ट्रिब्युटर किंचित फिरवत राहिला. बाबांनी इंजिनाला हात जोडले.

तोवर त्याची फेरीबोट सुटली होती. "बस रे, आम्ही सोडतो," बाबा म्हणाले.

खाडीभर तो होडीची कड धरून गप्प होता. मला वाटलं, इंजिन ऐकतोय. पलीकडे उतरल्यावर म्हणाला, "मला पोहता येत नाही हो!"

बाबा इतके मोकळे हसले, की मलाही माझी पाण्याची भीती सांगायचा धीर आला.