उंबऱ्यावरचा नारळ

बातमी मला कुणी सांगितली नाही. होडीनंच सांगितली. वैशाख संपत आला होता. माझ्या पायात शिंगाळा माशाचा काटा मोडला होता, पाय सुजला होता, म्हणून त्या खेपेला मी गेलो नव्हतो. मुरुडच्या किनाऱ्यावर उंडीच्या झाडाच्या सावलीत जाळं शिवत बसलो होतो. पुरी ओहोटी होती. अशा वेळी कुणी होडी आत आणत नाही, वाळूत बसते. आणि आमची होडी येताना दिसली... शीड अर्ध्यावर, सुकाणूवर वेगळाच माणूस. लखमा सुकाणूवर कसा बसतो ते मी लांबून ओळखतो. पाठ ताठ, मान जराशी डावीकडं. तो बसलेला माणूस लखमा नव्हता. मासळीला निघालेल्या बायकांनाही ते कळलं आणि एकेक टोपली वाळूवर खाली टेकली. लखमाची बायको चांगुणा, म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण, माझ्याजवळ येऊन उभी राहिली. म्हणाली, "भावोजी, आपलीच हाय ना ती?" मी म्हटलं, "हाय, आक्का."

काशीदच्या समोर शीड फिरवताना त्याचं आडवं लाकूड वाऱ्यानं गर्रकन फिरलं आणि लखमाच्या कानशिलावर बसलं. ते लाकूड येताना त्याला दिसलं नाही. उभा जन्म दुसऱ्यांना "डोकी खाली" म्हणून ओरडणारा माणूस. पाण्यात पडला नाही, होडीतच पडला, जाळ्याच्या ढिगावर, आणि तिथंच गेला. होडीवरची पोरं म्हणाली, काका काही बोलले नाहीत. बरं झालं. आमच्याकडं होडीवर कुणी शेवटचं असं काही बोलत नाही.

लखमा तांडेल माझा साडू. त्याच्या आधी मित्र. आम्ही एकाच होडीवर खलाशी म्हणून चढलो, एकाच मांडवात दोघी बहिणी केल्या, आणि स्वराज्य आलं त्याच सालच्या नारळी पुनवेला तो तांडेल झाला, मी खलाशीच राहिलो. त्याचं मला कधी वाईट वाटलं नाही. होडी चालवणं एकाचं काम असतं, आणि ते त्याला माझ्यापेक्षा चांगलं जमत होतं. पण तो तांडेल कसा झाला ते सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

शहरात कुणाला कामावरून काढलं की 'नारळ दिला' म्हणून लोक हसतात. आमच्या कोळीवाड्यात तो शब्द हसण्याचा नाही. पावसाळ्यात होड्या वर ओढून झावळ्यांनी शाकारल्या की नारळी पुनवेपर्यंतचा काळ हा ठरवाठरवीचा. होडीच्या मालकाला, आम्ही त्याला नाखवा म्हणतो, जुना तांडेल नको असला तर तो तांडेलाच्या उंबऱ्यावर नारळ ठेवतो. तांडेलाला सोडायचं असलं तर तो नाखव्याच्या उंबऱ्यावर ठेवतो. तोंडानं बोलायचं नाही. 'सोडतो', 'आता येणार नाही', असं बोललं की समुद्र ऐकतो, आणि ज्यानं तोंडानं सोडलं त्याला तो स्वतःच्या हातानं सोडवतो, म्हणजे बुडवतो, असं आमचे म्हातारे मानत आले. कुणीच नारळ ठेवला नाही तर पुनवेच्या सकाळी तांडेलानं आपणहून किनाऱ्यावर जायचं. तेवढ्यावर वर्षाचा करार झाला.

आमच्या आधी त्या होडीवर बुधा नावाचा तांडेल होता. म्हातारा झाला होता, पण त्याला ते पटत नव्हतं. त्या वर्षी थोरल्या नाखव्यानं, आताच्या विठू नाखव्याच्या बापानं, त्याच्या उंबऱ्यावर नारळ ठेवला. बुधानं तो नारळ फोडला नाही, फेकलाही नाही. मांडीत घेऊन ओटीवर बसून राहिला. येणारा जाणारा बघायचा. पुढं त्या नारळाला कोंब आला तरी तो तसाच कोपऱ्यात. बुधाच्या जागी लखमाला बसवलं तेव्हा लखमा आधी बुधाच्या पाया पडायला गेला. म्हाताऱ्यानं पाय आत ओढून घेतले. परत येताना लखमा मला म्हणाला, "गोमा, मना कुनी नारल द्यायचा न्हाय. मीच देईन. कवा द्यायचा ते मना कलंल." मी म्हटलं, "आजच बसलास, आजच उठायच्या गोष्टी?" तो म्हणाला, "बसतानाच बघून ठेवायचं, दार कुठं हाय ते."

कळेल म्हणाला, आणि कळलंही. चार-पाच पावसाळ्यांमागं त्याच्या डोळ्यांत पडदा यायला लागला. आधी लांबचं गेलं. डोंगराच्या कुठल्या सोंडेवर मशिदीचा मिनार आला म्हणजे खडक टळला, हे त्याला डोळे मिटून ठाऊक. पण सोंड कुठं आणि मिनार कुठं हे दिसेना. मी त्याच्या पायाशी येऊन बसायला लागलो. पोरांना वाटायचं, साडू साडू गप्पा मारतात. मी हळूच म्हणायचो, "सोंड आली." तो मोठ्यानं ओरडायचा, "शीड फिरवा." असं आम्ही चालवलं. एकदा एक पोरगा म्हणाला, "काका, तुमी दोगं लय बोलतां हल्ली." लखमा म्हणाला, "ह्याच्या बायकोच्या तक्रारी ऐकतंय मी. तुजं लगीन होऊं दे, तू बी येऊन बस हितं." सगळे हसले. मी पण हसलो, दुसरं काय करणार.

तेव्हापासून आमच्या दोघांचा एकच विषय, नारळ कधी ठेवायचा. असा बेत कुणी लग्नाचा केला नसेल. त्याचा मुलगा दत्तू मुंबईला गिरणीत आहे. तो म्हणाला, आमच्याकडं नोटीस द्यायची, महिनाभर आधी, कागदावर. मग साहेब हार घालतो. लखमा म्हणाला, "म्हंजे महिनाभर सगल्यांनी आपल्याकडं मेल्यासारकं बघायचं, आनी वर हार." होड्या ओढतात त्याच आठवड्यात ठेवावा तर सगळा वाडा किनाऱ्यावर, लगेच बोभाटा. आषाढात ठेवावा तर नाखव्याला दुसरा तांडेल शोधायला वेळ राहतो, ते बरं. पण अवस टाळायची, पडत्या पावसात गेलं तर लोक म्हणणार, म्हातारा भ्याला. त्यात नाखवा इंजिन बसवणार अशी बोलणी सुरू होती. लखमाला ते फार लागलं होतं. "इंजिन आलं म्हनून लखमा पलाला, असं न्हाय व्हायला पायजे. इंजिनाच्या आदी जायचं. पन लगेच आदी न्हाय." मी म्हटलं, "अरे, मंग तू जानार कवा? आगरदांड्याच्या तरीच्या होडीची वाट बघतोस का, भरल्याशिवाय सुटायची न्हाय म्हनून?" तो म्हणाला, "तू खलाशी, तुला कोन ईचारतं. तांडेलाचं उठनं सगले बघतात." हे त्यानं मला टोचून म्हटलं. मी दोन दिवस बोललो नाही. तिसऱ्या दिवशी तोच तपकीर घेऊन आला.

गेल्या वर्षी आषाढात विठू नाखव्याच्या नातवाचं बारसं ठरलं. लखमानं तो दिवस धरला. त्याचं म्हणणं असं, की आनंदाचा दिवस, नाखवा हुज्जत घालणार नाही, 'अजून एक वर्ष' म्हणणार नाही. सकाळी अंधूक उजेडात नारळ ठेवायचा, आणि दुपारी पाहुणा म्हणून जायचं, टोपी घालून, बरोबरीनं बसायचं. नोकर म्हणून गेलेला माणूस पाहुणा म्हणून परत जाणार. मला बेत ऐकायला बरा वाटला, पण मी म्हटलं, "अरे, बारशाला घरात नारलच नारल. तुजा कुठला ते कसं कलनार?" तो म्हणाला, "बारशाचा नारल मानूस हातात देतो. उंबऱ्यावर कोन ठेवतो? नाखवा कोल्याचा पोर हाय, त्याला कलंल." मी म्हटलं, "एकदा तोंडानं सांगून टाक." त्यानं दोन्ही कानांना हात लावले. मी तेव्हाही म्हणालो होतो आणि आजही म्हणतो, की सांगायला हवं होतं.

नारळ त्यानं ठेवला. दुपारी आम्ही दोघं गेलो. नाखव्यानं त्याला पाटावर बसवलं, विडा दिला, नातू मांडीवर दिला. एक अक्षर नारळाचं काढलं नाही. बाहेर पडल्यावर लखमा म्हणाला, "बघितलंस? मोटा मानूस. बोलला न्हाय, पन बसवलं कसं." त्या दिवसापासून पुनवेपर्यंत तो घरी बसला. पोरासारखा वागत होता. चांगुणाक्काला म्हणाला, आता दत्तूकडं जाऊन राहू, मुंबईचा डॉक्टर डोळ्यातला पडदा काढतो म्हणतात. तिनं गोधडी धुवायला काढली.

मग नारळी पुनव. सकाळी विठू नाखवा स्वतः लखमाच्या दारात. डोक्याला फेटा, हातात विडा. म्हणाला, "तांडेल, चला. होडी खोलंबलीय." तांडेल किनाऱ्यावर आला नाही म्हणून नाखवा बोलवायला आला, एवढीच गोष्ट. पण लखमानं ती तशी घेतली नाही. त्याला वाटलं, नारळ मिळूनही हा माणूस आपल्या पायानं आला... आपला नारळ परत केला. असा मान कोळीवाड्यात कुणाला मिळाला होता? बुधाला नारळ आला, आणि लखमाचा नारळ नाखव्यानं ठेवून घेतला नाही. त्यानं माझ्याकडं बघितलं. त्या अंधूक डोळ्यांत पाणी होतं. टोपी घातली आणि निघाला. चांगुणाक्कानं गोधडी तशीच ओली पिळून ठेवली. पुढं ती साऱ्या वाड्यात सांगत फिरली, नाखवा सवता आला हो दारात, नारल ठिवला तरी आला. वाड्यातल्या लोकांना लखमानं नारळ ठेवल्याचं काहीच ठाऊक नव्हतं, पण बाई सांगते म्हणून माना हलवत होते. नाखव्याच्या कानावर ते कधी गेलं नाही, की गेलं आणि त्याला त्याचा अर्थ लागला नाही, देव जाणे.

ते वर्ष लखमा जसा होडीवर बसला तसा मी त्याला तरुणपणीही बघितला नव्हता. डोळे जवळजवळ गेलेले आणि आवाज असा, की शेजारच्या होड्यांना ऐकू जावा. नारळाचा विषय त्यानं पुन्हा काढू दिला नाही. "एकदा परत आलेला नारल दुसऱ्यांदा ठेवला तर नाखव्याचा अपमान हाय." डॉक्टरचं म्हटलं तर, "होड्या वर आल्या की बघू." होड्या वर यायला थोडे दिवस होते.

दहाव्याला विठू नाखवा आला. पिंडाजवळ उभा राहून रडला, मग माझ्या शेजारी बसला. म्हणाला, "गोमाजी, मना म्हाईत होतं हो त्यांचं डोलं गेलंत ते. गेल्या साली नारल काढून ठेवलेला मी. हात न्हाय धजला. बा म्हनायचा, बुधाला दिला तो नारल जन्मभर मना झोपंत दिसतो. मी म्हटलं, लखमाकाका आपनहून देतील तवा देतील." मी म्हटलं, "दिला ना त्यानं. बारशाच्या सकालीं. तुज्या उंबऱ्यावर." तो म्हणाला, "कुठला नारल?" मग त्याला आठवत गेलं. त्या सकाळी उंबरा त्याच्या विहीणबाईनं झाडला होता. ती भातशेतीच्या गावची, शेतकरी घरातली, आमची नारळाची रीत तिला ठाऊक नाही. पहाटेच कुणी पाहुणा नारळ ठेवून गेला असं समजून तिनं तो पाळण्याजवळच्या ढिगात नेऊन ठेवला असणार. त्या ढिगातले नारळ दुपारी फोडले. खोबऱ्याच्या वड्या झाल्या. लखमानं दोन खाल्ल्या होत्या. मी तीन.

हे चांगुणाक्काला सांगू नये असं माझ्या बायकोचं म्हणणं. त्या बाईकडं आता तेवढंच उरलंय, नाखवा स्वतः आला होता म्हणून. पण खोट्या गोष्टीवर कुणाला बसवून ठेवणं मला जमत नाही. मी सांगितलं. ती वाल सोलत होती. सगळं ऐकून घेतलं. हात चालूच होते. मग म्हणाली, "म्हंजे त्यांनी सोडली होती."

मी म्हटलं, "व्हय."

"नारल ठेवला, म्हंजे सुटले. कुनाला कलो न कलो."

"व्हय, आक्का."

"मंग वरीसभर ते कुनाचे तांडेल नव्हते." हातातला वाल तिनं खाली ठेवला. "मंग मेले ते कुनाच्या होडीत, भावोजी?"

लोक मला विचारतात, तुझा पाय बरा असता, तू त्याच्या पायाशी बसलेला असतास, तर? मी दुसरं केलं. परवा नाखव्याच्या घरी गेलो, हातात काही न घेता. तो ओटीवर होता, त्याची म्हातारी आई होती, सून होती. उभ्या उभ्या तोंडानं सांगितलं, "विठू, ह्या पुनवेपासून मी येनार न्हाय. मी होडी सोडली." म्हातारी थू थू करून उठून आत गेली. विठूनं समुद्राकडं बघितलं आणि दबक्या आवाजात म्हणाला, "गोमाजी, असं बोलूं नये हो." मी म्हटलं, "ऐकू दे त्याला. न बोलून काय मिलालं?"

तसाच होडीकडं गेलो, माझी चटई आणि पाण्याचं भांडं आणायला. शाकारलेल्या होडीत झावळ्यांखाली अंधार असतो आणि तेलाचा वास. सुकाणूजवळच्या फळीला एक खळगा आहे. लखमा उजवी टाच तिथं रोवून बसायचा, इतकी वर्षं, तो खळगा त्यानं झिजवलेला आहे. गुळगुळीत झालाय, बोट फिरवलं तर लाकूड वाटत नाही. मी माझी टाच त्यात ठेवून बघितली. सैल बसली.

विठू म्हणतो, श्रावणात सुतार येणार, इंजिनासाठी मागच्या साऱ्या फळ्या बदलणार. मी म्हटलं, बदल. तुझी होडी आहे. सुतार येईपर्यंत मी दुपारचा तिथं जाऊन बसतो.