सिक्स्टेन आणि त्याचा कार्ब्युरेटर

लाकडाच्या कारखान्यातून निवृत्त झाल्यापासून सिक्स्टेन ब्रोमाननं आमच्या गावातल्या सगळ्या गाड्यांचं वैद्यपण स्वतःकडे घेतलं होतं. कुणी बोलावलं नव्हतं, पण तो यायचा. रोग कुठलाही असो, निदान एकच: कार्ब्युरेटर. गाडी धूर सोडतेय? कार्ब्युरेटर. ब्रेक लागत नाहीत? आधी कार्ब्युरेटर बघू. चोर सोडून संन्याशाला सुळावर देण्यात त्याचा हात धरणारा आमच्या सगळ्या हेल्सिंगलंड प्रांतात नव्हता.

स्वतःच्या गाडीचं तर विचारूच नका. टाकीत घोटभर पेट्रोल असलं की ती गावात मेंढरासारखी गरीब चालायची. पण लांबच्या प्रवासाला सिक्स्टेननं टाकी काठोकाठ भरली, की ठरलेल्या चढावर आचके द्यायची आणि गप्प व्हायची. मग सिक्स्टेन खाली उतरायचा, बॉनेट उघडायचा आणि म्हणायचा, "आधी कॉफी."

आमच्याकडे कॉफीशिवाय कुणी खिळादेखील ठोकत नाही, त्यामुळे त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे. रस्त्याच्या कडेला रुमाल पसरायचा, थर्मास निघायचा, दालचिनीचे पाव निघायचे. निवांत पोट भरल्यावर सिक्स्टेन कार्ब्युरेटरमधला बारीक भोकाचा जेट काढून फुंकर मारायचा, परत बसवायचा, आणि गाडी सुरू! "बघितलंस?" तो छाती फुगवून म्हणायचा. पुढच्या चढावर पुन्हा तेच. तोवर दुपार कलायची, सिक्स्टेन वैतागून गाडी घराकडे वळवायचा, आणि त्याची बायको गुनवोर थर्मास विसळायची.

गुनवोरची बहीण मार्ता लांब हेर्नोसांद शहरात राहते. या बहिणीकडे पोहोचायचा बेत लागोपाठ कित्येक उन्हाळे त्याच चढावर मेला होता. यंदा मार्ताचा फोन आला. तिची नजर जात चालली होती. डॉक्टरांनी हात टेकले होते. "दिसतंय तोवर ये ग," ती म्हणाली. "तुझं तोंड एकदा नीट बघू दे."

"मी बसनं जाते," गुनवोर म्हणाली.

"बसनं?" सिक्स्टेन असा ओरडला, जणू ती भीक मागायला निघाली होती. "दारात गाडी असताना? लोक काय म्हणतील?"

"मग मी चालवते. माझ्याकडे लायसन आहे."

"चोक तुझ्या हाताला जमत नाही."

झालं, विषय संपला. मला नेहमीसारखंच शेजारधर्म म्हणून सोबत घेतलं. ढकलायला, हे मला कळत होतं.

टाकी भरली, आम्ही निघालो. त्या चढावर गाडीनं आपला नेम चुकवला नाही. सिक्स्टेन उतरला, बॉनेट उघडलं, हात पुढे केला. "कॉफी."

"नाही आणली," गुनवोर म्हणाली.

"म्हणजे?"

"म्हणजे आणली नाही. मार्ताकडे जाऊन पिऊ. तू काम कर."

इतका दुखावलेला माणूस मी पाहिला नाही. उपाशीपोटी त्यानं कार्ब्युरेटरचं झाकण काढलं. आत पेट्रोल साठायची वाटी ठणठणीत कोरडी! त्यानं जेट फुंकला, बसवला, किल्ली फिरवली. गाडी ढिम्म. पुन्हा फुंकला. ढिम्मच.

"वाटी कोरडी आहे म्हणजे पेट्रोल इथवर येतच नाहीये," मी म्हणालो.

"कार्ब्युरेटर ओढत नाही म्हणून येत नाही."

"अरे, ताटात वाढलंच नाही, आणि तू जेवणाऱ्याला औषध कसलं देतोस?" गुनवोर म्हणाली.

सिक्स्टेननं तिच्याकडे दुर्लक्ष केलं आणि विचार करून फर्मान काढलं, "टाकीत पाणी गेलंय. डिकीतलं लाल स्पिरिट घे, ओत टाकीत." टाकीतलं पाणी गोठू नये म्हणून हे स्पिरिट आम्ही कडक थंडीत घालतो. भर जुलैत, घाम पुसत, सिक्स्टेन ते मागत होता.

गुनवोर बाटली घेऊन मागे गेली आणि तिनं टाकीचं झाकण फिरवलं. सुस्स! टाकीनं एवढा लांब श्वास आत ओढला की मला पुढे ऐकू आला. गुनवोर क्षणभर थबकली. मग तिनं स्पिरिट ओतलं, झाकण लावलं. थोड्या वेळानं सिक्स्टेननं किल्ली फिरवली आणि गाडी सुरू झाली.

"बघितलंस? जेट आणि स्पिरिट!"

पुढच्या चढावर गाडी पुन्हा मेली. सिक्स्टेन बॉनेटकडे धावला. ती मागे गेली. या वेळी बाटली घेतलीच नाही, नुसतं झाकण उघडलं. सुस्स! मग स्वतः पुढे बसून किल्ली फिरवत राहिली, आणि गाडी सुरू झाली. ती झाकण हातात घेऊन उतरली. झाकणाला हवेसाठी असलेलं बारीक भोक कथलाचा डाग देऊन बुजवलेलं होतं, अगदी सफाईनं.

"हा डाग कुणी दिला, सिक्स्टेन?"

"पाणी जाऊ नये म्हणून..."

"आणि हवा कुठून जाणार होती? तुझ्या डोक्यातून?"

टाकी कोंडली होती. पेट्रोल संपत जाई, त्याच्या जागी हवा शिरत नसे, मग इंजिनाच्या पंपाला पेट्रोल ओढता येईना. आम्ही कॉफी प्यायचो तोवर कुठून तरी हवा झिरपायची, आणि श्रेय जेटला जायचं. मला हसू आलं, पण गुनवोरचा चेहरा बघून मी ते गिळलं. किती उन्हाळे त्या एका डागानं खाल्ले होते! मला त्या माणसाचा मनापासून राग आला.

तिनं टाकीच्या तोंडाला फडकं गुंडाळलं आणि स्टिअरिंगवर बसली. सिक्स्टेन माझ्याशेजारी, मागे. हेर्नोसांदपर्यंत गाडीनं एकदाही कुरकुर केली नाही, आणि चोकही तिच्या हाताला छान जमला.

मार्ता फाटकात उभी होती. बहीण समोर आली तशी तिनं तोंड कुंपणाकडे फिरवलं.

"रागावू नकोस ग. सरळ बघितलं की मधे सगळं काळं होतं, समोरचं माणूसच दिसत नाही. कडेकडेनं तेवढं दिसतं." तिनं गुनवोरचे गाल चाचपले. "गेल्या वर्षी आली असतीस, तर सबंध दिसली असतीस."

गुनवोरनं तिचे हात तसेच आपल्या गालांवर धरून ठेवले. सिक्स्टेन मात्र टोपी काढून पुढे झाला. "त्याचं काय झालं मार्ता, हा जो कार्ब्युरेटर असतो ना..."

मार्तानं कुंपणाकडची मान वळवली आणि सरळ, रोखून त्याच्याकडे बघितलं.

सिक्स्टेनला वाटलं, ही मन लावून ऐकतेय. तो बोलतच राहिला.