हिरवी अक्षरे आणि गुलाबी कागद

काळ्या पडद्यावर उजळ अक्षरे वाचावीत की पांढऱ्या पडद्यावर काळी, हे आता ज्याचे त्याने ठरवायचे असते. संकेतस्थळाच्या कोपऱ्यात चंद्राचे लहानसे चित्र असते. ते दाबले की पान काळे होते. काळे पान डोळ्यांना सुखाचे, असे तरुण मंडळी ठामपणे सांगतात. मी वाद घालत नाही. या विषयात माझेही काही मत आहे, आणि ते ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस जळगावच्या एका कार्यालयात बनले.

संस्था बियाण्यांची होती. मुख्य कार्यालय जळगावला. धुळे, शिरपूर व दोंडाईचा येथे शाखा. मी कार्यालय अधीक्षक होतो. बियाण्यासाठी राखलेल्या कापसाच्या व ज्वारीच्या शेतांची पाहणी होई आणि पाहणीचे छापील तक्ते आमच्याकडे येत. ते टाइप करण्याचे काम एका बाईंकडे होते. सारे कार्यालय त्यांना अक्का म्हणे. वय चाळिशीच्या पुढे, लग्न केलेले नव्हते. घरी अर्धांगाने अंथरुणाला खिळलेले वडील, आबा. भाऊ सुरतेला नोकरीस; तो दिवाळीला येई. टाइपरायटरवर अक्कांच्या कामात खाडाखोड नसे. त्या कमी बोलत, आणि बोलल्या तर समोरच्याला पुन्हा बोलावेसे वाटत नसे.

पुढे कॉम्प्युटर आला. नारळ फोडला, यंत्राला कुंकवाचे बोट लावले, चपला दाराबाहेर काढण्याचा नियम झाला. खोली पश्चिमेची मिळाली. जळगावच्या उन्हात पश्चिमेची खोली थंड ठेवण्याचा एकच उपाय आम्हाला लहानपणापासून ठाऊक होता: अंधार. घरोघरी सकाळी दहाला खिडक्या मिटत आणि सूर्य कलल्यावर उघडत. यंत्राचीही आम्ही तशीच बडदास्त ठेवली. तावदानांना जाड काळा कागद चिकटवला. वाळ्याचे पडदे ओलाव्याच्या भीतीने लावले नाहीत. ट्यूबलाइटचे प्रतिबिंब पडद्यावर पडते म्हणून ती काढली. टेबलावरचा कागद दिसावा म्हणून एक टेबललॅम्प ठेवला. खोलीत दोनच गोष्टी दिसत: दिव्याखालचा झगझगीत पांढरा तक्ता, आणि शेजारी काळ्या पडद्यावर चमकणारी हिरवी अक्षरे. पाहुण्यांना ती खोली कौतुकाने दाखवली जाई.

अक्कांना सहा महिन्यांची परीक्षा-मुदत दिली. व्यवस्थापकांनी सांगितले, "या यंत्रावर जमले तर जळगाव. न जमले तर दोंडाईचा. तिथे अजून टाइपरायटर आहे." दोंडाईचाला रेल्वे होती, पण वडिलांना उठवणे-बसवणे सांभाळून रोज जाऊन येणे शक्य नव्हते. त्यांना उचलून परगावी नेणेही शक्य नव्हते. त्यांचे डॉक्टर, शेजारी, सारे जळगावात होते. अक्का मला एवढेच म्हणाल्या, "नाना, दोंडाईचा म्हणजे राजीनामा."

पहिल्या महिन्यात काम ठीक झाले. दुसऱ्या महिन्यापासून चुका सुरू झाल्या. एका ओळीतला आकडा दुसऱ्या ओळीत जाई. जामनेरचे शेत शिरपूरच्या यादीत शिरले आणि पाहणीचा माणूस भलत्या गावाला जाऊन आला. दुपारनंतर अक्का कपाळ दाबून बसत. डोळ्यांतून पाणी येई. एकदा त्यांनी तक्त्यांचा गठ्ठा माझ्या टेबलावर ठेवला आणि विचारले, "या वेळी कागद गुलाबी छापलाय का?"

कागद पांढराच होता.

हे शिपायाने ऐकले. तो धुळ्याकडचा, जिभेचा तिखट. जेवणाच्या सुट्टीपर्यंत गोष्ट सर्वत्र पोहोचली. "अक्काले आते बठ्ठं गुलाबी दिखस," म्हणजे अक्कांना आता सगळेच गुलाबी दिसते, असे तो सांगत सुटला. मग स्वतःचा पांढरा सदरा पुढे करून त्याने विचारले, "अक्का, मना सदरा कसा शे? गुलाबी का?"

अक्का म्हणाल्या, "पिवळा. धुवायला टाक."

लोक हसले, परंतु चेष्टा थांबली नाही. लेखा विभागातल्या एकाने या वयात गुलाबी दिसू लागले म्हणजे स्थळ पाहायला हवे, असे म्हटले. मी त्याला बाहेर बोलावून समज दिली.

मी अक्कांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे पाठवले. त्यांनी तपासले आणि डोळे निर्दोष असल्याचे लिहून दिले. चष्म्याचा नंबर अत्यल्प होता. दाखला अक्कांच्या उपयोगी पडेल असे मला वाटले होते. व्यवस्थापकांनी तो वाचून उलटा अर्थ काढला. "डोळे चांगले आहेत. म्हणजे तक्रार खोटी आहे. तुम्ही अहवाल द्या, नाना. मी दोंडाईचाचा आदेश काढतो."

अहवाल देणे माझे काम होते. न पाहिलेल्या गोष्टीवर मी सही करीत नसे. दुसऱ्या दिवशी अक्कांना मी माझ्या टेबलावर बसवले आणि त्यांच्या खुर्चीत जाऊन बसलो. दार लावून घेतले. टाइपिंग मला येत असे; हात सावकाश चाले एवढेच. तक्ता पाहायचा, पडदा पाहायचा, पुन्हा तक्ता. तासाभरात माझ्या लक्षात आले की कागदावरून नजर पडद्यावर नेली की क्षणभर काहीच दिसत नाही. उन्हातून माजघरात शिरताना होते तसे. मग अक्षरे दिसू लागतात. ती दिसतात तोवर कागदावरची ओळ हातून सुटते. पुन्हा कागदाकडे वळावे तर तो डोळ्यांवर येतो. अक्षरांच्या कडाही स्थिर राहात नव्हत्या. काळ्यावरची उजळ रेघ पसरून शेजारच्या रेघेला चिकटल्यासारखी वाटे. माझे वय तेव्हा पन्नाशीच्या पुढे होते.

जेवणाच्या सुट्टीत मी बाहेर आलो. व्हरांड्याची भिंत नुकतीच चुन्याने रंगवली होती. ती गुलाबी दिसली. माझ्या सदऱ्याची बाही गुलाबी दिसली. भात गुलाबी दिसला. मी डबा मिटला आणि रंग जाईपर्यंत बसून राहिलो. संध्याकाळपर्यंत तो थोडाफार टिकला.

यंत्राच्या दुरुस्तीसाठी धुळ्याहून एक इंजिनियर येत असे. त्याला बोलावून घेतले. त्याने गुलाबी रंगाचे कारण एका वाक्यात सांगितले: डोळा फार वेळ हिरवे पाहून थकला की पांढऱ्यात त्याला हिरवे कमी दिसते, आणि उरते ते गुलाबी. त्याने कुठेतरी हे वाचले होते, पण कार्यालयांना सांगायची कधी गरज पडली नव्हती.

"मग पडदा उलटा करून देतो," तो म्हणाला. "मागची बाजू उजळ, अक्षरे काळी. कागदासारखे."

त्याने काही कळा दाबल्या. पडदा उजळला. व्यवस्थापकांना दृश्य आवडले. लेखा विभागाने पसंती दिली. अक्का खुर्चीत बसल्या, थोडा वेळ टाइप केले आणि हात मांडीवर ठेवले.

"काय झाले?" व्यवस्थापकांनी विचारले.

"आधी अक्षरं हिरवी होती. आता सगळी भिंतच हिरवी झाली. आणि ती थरथरते."

"मला थरथरताना दिसत नाही."

"साहेब, तुम्ही उभे आहात. बसा."

व्यवस्थापक बसले. थोडा वेळ त्यांनी पडद्यावरच्या ओळी वाचल्या. ते उठून इंजिनियरला म्हणाले, "थरथरते हे खरे आहे."

इंजिनियरने मान डोलावली. काळ्या पडद्यावर हे थरथरणे असतेच, पण झाकलेले राहते. सारा पडदा उजळ केला की ते उघडे पडते, असे त्याने सांगितले. याहून चांगला पडदा मुंबईत मिळत होता, तो आमच्या ऐपतीबाहेर होता. त्याने अक्षरे पुन्हा हिरवी करून दिली.

काळा पडदा चांगला की उजळ, हा प्रश्न मी तेथे सोडून दिला. पडदा आमच्या हातात नव्हता. खोली हातात होती. त्याच दिवशी मी एका तावदानाचा काळा कागद शिपायाकडून काढून घेतला, टेबललॅम्प उचलला आणि टेबल असे फिरवले की खिडकी अक्कांच्या डाव्या बाजूस आली. पाठीशी असती तर ती पडद्यात दिसली असती. खोलीत साधा उजेड झाला. कागदाचा झगमगाट गेला. पडद्यावरची अक्षरे थोडी फिकी झाली, परंतु नजरेला ठेच लागेनाशी झाली. आठवडाभर अक्कांच्या कामात मला चूक सापडली नाही.

मी अहवाल लिहिला. कर्मचारी कामास योग्य आहे; दोष खोलीच्या अंधाराचा आहे; कागद गुलाबी दिसल्याचा अनुभव मी स्वतः घेतला आहे. एवढेच. व्यवस्थापकांनी शेवटच्या वाक्यावर बोट ठेवले.

"हे काढा. संचालकांच्या बैठकीत वाचले जाईल. हसतील तुम्हाला."

"हसू देत."

"नाना, बाईंचे ठीक. तुम्ही अधीक्षक आहात."

"म्हणूनच लिहिले."

वाक्य राहिले. बैठकीत लोक हसले. शिपायाने पुढचा महिनाभर मला चहा देताना कपाचा रंग विचारला.

खरी अडचण चैत्रात आली. उघड्या तावदानातून दुपारचे ऊन आत येऊ लागले, खोली तापली आणि यंत्र मध्येच बंद पडले. व्यवस्थापकांनी मला बोलावले. त्यांच्यासमोर दोंडाईचाचा आदेश टाइप होऊन पडला होता, फक्त सही व्हायची होती. "उजेड ठेवला तर यंत्र बंद पडते. अंधार केला तर बाई बंद पडतात. मी यंत्र बदलू शकत नाही," ते म्हणाले.

उन्हाळ्यात आमच्याकडे शाळा सकाळच्या होतात; काही कचेऱ्याही. मी म्हटले, "बाईंची वेळ बदला. सकाळी सात ते एक. पश्चिमेच्या खोलीला तोवर ऊन लागत नाही. उजेड मात्र असतो. एक वाजता खिडकी बंद करू आणि यंत्रही."

त्यांनी विचार केला. एका कर्मचाऱ्यासाठी वेगळी वेळ देण्याची प्रथा नाही, असे म्हणाले. मी म्हटले, दोंडाईचाला पाठवले तर या यंत्रावर बसायला दुसरा माणूस लागेल, आणि त्यालाही डोळे असतील. त्यांनी आदेश उचलला, घडी घातली आणि टोपलीत टाकला. नवा आदेश मला लिहायला सांगितला.

मी तो अक्कांच्या हातात दिला. त्यांनी उभ्याने वाचला, पुन्हा वाचला.

"म्हणजे उद्यापासून सातला?"

"सातला."

"मग आबांना सहाच्या आधी उठवावं लागेल. त्यांना ते आवडणार नाही." त्या दारापर्यंत गेल्या आणि वळल्या. "पण दुपारी एकला घरी. दुपारचं जेवण त्यांना माझ्या हातचं मिळेल."

मी मान हलवली. त्या चपला घालून बाहेर पडल्या आणि आबांना दुपारी जेवू घालणाऱ्या शेजारणीला निरोप द्यायचा म्हणून त्या दिवशी अर्धा तास लवकर गेल्या. त्या अर्ध्या तासाची रजा मी कापली नाही.