खैरुनबाईंच्या कोपरातला तलाव

चंद्रपूर जिल्ह्यातल्या मूल गावच्या बाजारात रफीकभाईंचं बांगड्यांचं दुकान आहे. दुकान अठरा फूट खोल. पुढचे अकरा फूट बांगड्या, मग एक निळा पडदा, आणि पडद्यामागच्या सात फुटांत अ‍ॅक्युपंक्चर. अलीकडे काच, पलीकडे सुया, आणि दोन्हीकडे माणूस एकच, रफीकभाईंची बायको खैरुनबाई. लग्नसराईत बाई आतल्या माणसाच्या कमरेत सुया लावतात, बाहेर येऊन एका नवरीचे दोन्ही हात भरतात आणि आत जाऊन सुया काढतात. नवरी खूश, कंबर खूश. माझी मान दोन उन्हाळे त्या पडद्यामागे पडून होती, म्हणून हे छातीठोकपणे सांगतो.

बाई आता एकावन्न वर्षांच्या आहेत. बांगड्या भरायला त्या अकराव्या वर्षी आईच्या मांडीला मांडी लावून शिकल्या. सुयांचं प्रकरण उशिरा आलं. नागपूरचे एक म्हातारे डॉक्टर दर गुरुवारी मूलला येऊन दुकानामागे सुया टोचत. त्यांना दिसायचं कमी, म्हणून बाई सुया हातात द्यायच्या. मग कुठे टोचायची ते सांगू लागल्या. शेवटी डॉक्टरांनीच पदविकेचा फॉर्म आणला, आणि दोन वर्षं दर रविवारी नागपूरला जाऊन बाई रीतसर पास झाल्या. नोंदणी झाली. डॉक्टर पुढे वारले. मागे राहिला पडदा, एक खाट आणि भिंतीवरचा तक्ता. तक्त्यावर चड्डीतला एक माणूस उभा आहे आणि त्याच्या अंगभर रेघा आहेत. रफीकभाई त्याला 'नकाशेवाला' म्हणतात आणि सकाळी दुकान उघडलं की त्यालाही एक सलाम करतात.

यंदा मे महिन्यात बाईंना पत्र आलं. नोंदणी ताजी करायची तर तीन दिवसांचं प्रशिक्षण घ्या. विषय: शरीरातल्या वाहिन्यांचा सिद्धांत आणि त्या वाहिन्या बोटांनी चाचपून ओळखणं. शेवटच्या दिवशी प्रात्यक्षिक. त्यात पास झालात तर नाव यादीत राहील, नाहीतर सुया बंद.

"बंद तर बंद," रफीकभाई म्हणाले. "तिथी शोकेस ठेवू. मापबी घेऊन ठेवलं मी."

"कधी घेतलं जी?"

"तू चिठ्ठी वाचत होती तवा."

बाई हसल्या, पण आतून घाबरल्या. बिंदू त्यांना तोंडपाठ होते. मनगटापासून किती बोटं वर, कुठल्या दोन शिरांच्या मधे, झोपेतही सांगतील. पण त्या बिंदूंना जोडणारी वाहिनी बोटाखाली लागते म्हणे, ती त्यांना कधी लागलीच नव्हती. "चौदा वर्षं मी बसथांब्याच्या पाट्या पाहून राह्यली," त्या मला म्हणाल्या, "रस्ता कसा असते ते माईतच नाई."

प्रशिक्षण ऊर्जानगरच्या एका सभागृहात होतं. बाई पहाटेच्या एसटीनं निघाल्या. मूल ते चंद्रपूर रस्ता जंगलातून जातो. मे महिन्यात त्या जंगलाला पानं कमी आणि उजेड फार. खिडकीला डोकं टेकलं की झाडं आपल्याकडे चालत येतात, वळून पाहतात आणि मागे जाऊन पुन्हा उभी राहतात. चंद्रपुरात उतरून ऑटो. मग वीज केंद्राच्या चिमण्या, कर्मचाऱ्यांच्या सारख्या सारख्या चाळी, कंपनीच्या बस, आणि एक सभागृह, ज्यात तीन कूलर विमानासारखे घुमत होते.

शिकवणारे कुलदीप सर होते. वय बत्तीस. वडील वीज केंद्रात होते, त्यामुळे सर इथलेच. पण पुण्याला सहा वर्षं शिकून आले होते आणि मराठी इतकं इस्त्रीचं बोलत की समोर बसणाऱ्यानं आपोआप कॉलर नीट करावी. माणूस मात्र सोन्यासारखा. विषयावर त्यांचा जीव होता. आपल्या लाडक्या मुलीचे फोटो दाखवावेत तसे ते वाहिन्यांचे फोटो दाखवत.

"प्रत्येक वाहिनी बोटाच्या टोकाशी उगम पावते," सर म्हणाले. "तिथे ती विहीर असते. तळहातात झरा. मनगटापाशी ओढा. पुढे नदी. आणि कोपरात ती समुद्राला मिळते. डोळे मिटा आणि पाहा."

सगळ्यांनी डोळे मिटले. बाहेर सेहेचाळीस अंश, आत कूलरचं पाणी टपटपतंय, पोटात बसस्टँडवरचे पोहे. खैरुनबाई क्षणात वाहत्या झाल्या. मधल्या बोटाच्या टोकाला विहीर दिसली, मामूच्या शेतातली, दगडी. तिथून झरा निघाला, तळहातावरच्या रेघांतून मनगटाच्या ओढ्यात आला. ओढ्यात बायका लुगडी धूत होत्या. पुढे उमा नदी झाली, तिच्या दोन्ही काठांना पाणी साचलेल्या धानाच्या बांध्या, बगळे. नदी हळूहळू कोपराकडे चालली आणि तिथे पोचल्यावर गडबड झाली. बाईंनी समुद्र पाहिलेलाच नव्हता. नदी कोपरापाशी उभी, जायचं कुठे ते कळेना. तेव्हा बाईंनी तिला आसोलामेंढ्याच्या तलावात सोडून दिलं. केवढं तरी निळं पाणी, मधे एक डोंगा. बरं वाटलं.

"काय दिसलं?" सरांनी विचारलं.

"कोपरात तलाव दिसला, सर."

"समुद्र म्हणायचंय तुम्हाला."

"समुद्र काऊन येईल इतक्या दूर?" शेजारच्या खुर्चीतून वारलूभाऊ म्हणाले. "चंद्रपूर जिल्ह्याच्या माणसाच्या कोपरात तलावच राहील ना जी."

वारलूभाऊ कुरखेड्याचे. आरोग्य खात्यात नोकरी झाली, निवृत्तीनंतर सुया शिकले. जोडीदार म्हणून त्यांचाच हात खैरुनबाईंच्या वाट्याला आला. सरांनी सांगितलं, डोळे मिटायचे, एक शब्द बोलायचा नाही, अंगठ्याची कड मनगटापासून कोपरापर्यंत हलकेच न्यायची. कुठे दोरीसारखं ताठ, कुठे दाण्यासारखं कडक, कुठे पोकळ लागतं ते कागदावर लिहायचं.

बाईंनी वारलूभाऊंचा हात घेतला. अंगठा त्वचेवर टेकला आणि चाळीस वर्षांची सवय जागी झाली. पाच मिनिटांनी सरांनी कागद वाचला, तर त्यावर लिहिलेलं: 'दोन-बारा. डावा थोडा बारीक. काचेची जाईल, लाखेची नाही.'

सरांना काही कळेना. वारलूभाऊंनी कागद पाहिला आणि आपले हात उलटसुलट करून पाहू लागले.

"बांगडीचं माप आहे, सर," बाई खाली मान घालून म्हणाल्या. "हात आला का तेच लिहिल्या जाते."

"दोन-बारा म्हणजे मोठं का लहान?" वारलूभाऊ.

"तेवढी बांगडी दुकानात नाई राहत, भाऊ. सांगून बनवावी लागते."

सर हसले नाहीत. फार प्रेमानं म्हणाले, "बाई, हाताच्या आकाराकडे नका पाहू. आतल्या प्रवाहाकडे पाहा." आणि बाई प्रवाहाकडे पाहू लागल्या. सगळा दुसरा दिवस पाहिला. आठ जणांचे हात फिरून फिरून आले आणि आठही हात, बाईंच्या शब्दांत, इन्स्पेक्टर आल्यावर वर्गात मुलं बसतात तसे बसलेले. ताठ, सरळ, उत्तर न देणारे. सभागृहात चिडीचूप. अंगठा मनगटावरून निघायचा आणि काहीही न भेटता कोपराला पोचायचा. बाकीचे लिहीत होते: दाणा, दोरी, खळगा. बाईंच्या कागदावर तारीख होती.

त्या रात्री घरी येऊन त्यांनी रफीकभाईंचा हात घेतला, डोळे मिटले, गप्प बसल्या. रफीकभाईंनी बराच वेळ धीर धरला. मग म्हणाले, "खैरुन, मले काई झालं काय? रिपोर्ट आला का कुठून?"

तिसऱ्या दिवशी प्रात्यक्षिक. सरांनी सभागृहात चहा करणाऱ्या कमलाबाईंना खुर्चीवर बसवलं होतं. कमलाबाई पन्नाशीच्या. हात पदराला पुसून त्यांनी उशीवर ठेवला, तोही कुणी काढून नेईल की काय अशा बेतानं. सरांनी सकाळीच त्यांचा हात तपासून उत्तर लिफाफ्यात बंद केलं होतं. प्रत्येकाला दहा मिनिटं. डोळ्यांवर पट्टी. एक अक्षर विचारायचं नाही. जी वाहिनी बदललेली वाटेल तिच्यावर टिकली चिकटवायची, सरांनी ती वहीत टिपून काढून टाकायची. लिफाफा सगळ्यांचं झाल्यावर फुटणार. वारलूभाऊ चौथे गेले आणि चार मिनिटांत टिकली लावून, चहा नाही म्हणून कुरकुरत परत आले.

खैरुनबाई शेवटच्या. पट्टी बांधली, कमलाबाईंचा हात हातात आला. थंड, घट्ट, मिटलेला. तीन मिनिटं गेली. पाच गेली. सात गेली. अंगठा वर जातो, खाली येतो, वाट सगळी डांबरी. बाईंना पट्टीआडच्या अंधारात निळा पडदा काढलेला दिसू लागला, आणि त्याच्या जागी काचेचं शोकेस, आत दिवे. नकाशेवाला गुंडाळून माळ्यावर. कूलर घुमत होता. बाईंचं डोकं जड झालं, विचार सुटले. आणि हात बिचारे आपले आपण, कुणी सांगितलं नसताना, रोजच्या कामाला लागले. त्यांनी कमलाबाईंची बोटं गोळा केली, अंगठा आत दुमडला, बोटांच्या मुळाशी हलकेच दाबलं. हात कामाला लागले तसं तोंडही लागलं.

"कुठल्या गावची गं बाई तू?"

सभागृहात कुणीतरी खोकलं. खैरुनबाई तिथे नव्हत्याच, त्या मूलच्या बाजारात होत्या.

"कुरखेड्याकडची," कमलाबाई म्हणाल्या. "इथी लग्न होऊन आली."

"माहेरी कोण हाय?"

"भाऊ हाय. बोडी हाय घरामागं. बोडीत कमळं व्हतात, त्याच्यावरूनच नाव ठेवलं माह्यं."

बांगडीवालीचं खरं कसब हातात नसतं, ते इथे असतं. बाईला तिच्या माहेरचं विचारलं की ती मनानं निघून जाते, आणि तिचा हात मागे दुकानात सुटा राहतो. त्या घटकेला बांगडी चढवायची. काच वाजतसुद्धा नाही. कमलाबाई घरामागच्या त्या तळ्यावर, बोडीवर गेल्या. हात मऊ झाला, लोण्याचा झाला, कुणाचाच राहिला नाही. खैरुनबाई विचारत गेल्या, कमलाबाई सांगत गेल्या: बोडीतली कमळं, भावाची बैलं, मागल्या महिन्यात लेकीचं लग्न, लेक दूर सिरोंच्याकडे दिली, तिकडे तेलुगू बोलतात, लेक फोनवर आता 'हो' म्हणायच्या जागी 'अवनु' म्हणते. हे म्हणताना त्या हसल्या, आणि त्यांच्या हातातून काहीतरी खालून वर सरकत गेलं. अंगठा त्याच्यामागे निघाला. तळहातातून ओढ्यात, ओढ्यातून नदीत, उन्हात चकाकणारी बांधी, बगळे. मनगटाच्या वर पाच बोटांवर, दोन शिरांच्या मधोमध, पाण्याखाली धानाचा एक दाणा होता. बाईंनी तो ओलांडला, परत आल्या. दाणा तिथेच. त्यांनी टिकली लावली.

सरांनी घंटा वाजवली. "खैरुनबाई, तुम्ही बोललात."

पट्टी निघाली. बाई पांढऱ्याफटक. "बोलली का जी मी?"

"कुरखेड्यासारखं चांगलं गाव सोडून आली कमलाबाई," वारलूभाऊ म्हणाले.

सरांनी लिफाफा फोडला. त्यांचं उत्तर बाहेरच्या अंगाचं होतं, तर्जनीकडून कोपराकडे जाणारी वाहिनी. वहीत बाकी सगळ्यांच्या टिकल्याही तिथेच. एकट्या खैरुनबाईंची आतल्या बाजूला, मधल्या बोटाच्या वाहिनीवर, काळजाला पांघरूण घालते म्हणतात तिच्यावर.

"तुम्ही मुलीचं ऐकलंत आणि त्यावरून अंदाज केलात," सर म्हणाले. आवाजात राग नव्हता, हळहळ होती. "हे बोटांनी शोधणं नव्हे. मला नापास लिहावं लागेल."

खैरुनबाई वाद घालणाऱ्यांतल्या नव्हेत. पण मागे निळा पडदा होता. "नापास लिवा, सर. पण पह्यले तुमी हात लावून पाहा. आता पाहा, ती बोडीवरून यायच्या आत."

सर खरे होते, म्हणून बसले. डोळे मिटले. तर्जनीच्या वाहिनीवरून वर गेले, खाली आले. पुन्हा गेले. सकाळी तिथे दोरीसारखं ताठ लागलं होतं. आता काही नव्हतं. मग अंगठा आतल्या बाजूला आला, मनगटावरून चढला, आणि पाच बोटांवर थांबला. सर बराच वेळ तिथेच राहिले.

"सकाळी मी काय शोधलं होतं मग?" ते स्वतःशीच म्हणाले.

"मले भेव वाटलं व्हतं सर सकाळी," कमलाबाई म्हणाल्या. "तुमी काईच बोलत नव्हते."

सरांनी निकालाचा कागद उचलला. खैरुनबाईंना वाटलं, लिहिताहेत. सरांनी तो मधोमध फाडला आणि सांगितलं की परीक्षा रद्द, दुपारी सगळ्यांची पुन्हा, कमलाबाईंच्या दुसऱ्या हातावर, बोलायला परवानगी. आजार सोडून काहीही विचारा.

"माह्या टिकलीनं काय गुन्हा केला?" वारलूभाऊ म्हणाले. "तुमच्याच उत्तरावर तं बसली व्हती."

दुपारी सभागृहाचा बाजार झाला. वारलूभाऊंनी तर कमलाबाईंशी नातं लावलं, तेही आईकडून. बारा नातेवाइकांच्या गप्पांत दाणा मात्र हरवला, आणि त्यांना तिसऱ्या खेपेला बसावं लागलं. खैरुनबाईंना यावेळी तीन मिनिटं लागली. सरांनी सही केली, शिक्का मारला, कागद दोन्ही हातांनी दिला. बाईंनी तो पर्समधे ठेवला, बाहेर काढला, वाचला, परत ठेवला.

एसटीला वेळ होता. लोक पांगले. कूलर बंद झाले आणि उन्हाचा आवाज ऐकू येऊ लागला. सर अजून कमलाबाईंसमोर बसून होते, अंगठा मनगटावर.

"आपलं शिक्षण कुठपर्यंत झालं?" त्यांनी विचारलं. कमलाबाईंचा हात टणकन ताठ झाला.

"असं नाई, सर," खैरुनबाई दारातून म्हणाल्या आणि पर्स ठेवून आत आल्या. "हे तं मुलाखत झाली. पाण्याचं विचारा. विहीर कुठी, नदी कुठी, पाणी कोण आणे."

"मला ते जमत नाही. कुणाला काय विचारावं कळत नाही मला."

कमलाबाईंना त्यांची दया आली. "तुमच्या आईचं गाव कोणतं, सर?"

सर गोंधळले. मग म्हणाले, सिंदेवाहीजवळ. तिथे एक नाला होता. आई उन्हाळ्यात नाल्याच्या वाळूत खड्डा करायची, पाणी गोळा व्हायची वाट पाहायची, आणि पहिली ओंजळ त्यांना द्यायची. पाण्याला लोखंडासारखी चव होती. बोलता बोलता सरांच्या मराठीची इस्त्री उतरत गेली. 'मले' आलं, 'कुठी' आलं. डोळे आपोआप मिटले. अंगठा मनगटावरून निघाला आणि कुणी न सांगता, सावकाश, नदीच्या उलट दिशेनं, तळहाताकडे चालू लागला.

खैरुनबाईंनी खुर्ची ओढली आणि बसल्या. पुढची एसटी पाच वाजता होती.