मनकर्णाबाई किल्ल्यावर जातात

गोकुळराव जन्मभर टुरिस्ट गाडीचे ड्रायव्हर. आज अजिंठा, उद्या वेरूळ. अजिंठ्याच्या पायथ्याशी फर्दापुरात तर कितीदा मुक्काम. पण घरी मनकर्णाबाई म्हणाल्या, "एकदा मलाबी दाखवा की," की उत्तर ठरलेलं, "नुसती दगडं हायेत. काय बघायचंय त्यात?" छावणीतल्या घरापासून मकबरा जवळच. बाईंनी तो बाहेरूनच पाहिलेला, तोही रिक्षातून.

गोकुळराव गेले. चौथा महिना लागला तेव्हा एका रविवारी सकाळी बाई सुनेला म्हणाल्या, "मोनिका, सुट्टी हाय ना आज? चल, शहर बघून येऊ."

मोनिका चपापली. वर्षश्राद्ध होईस्तोवर वहिनींनी कुठं हिंडायचं नाही, असं बाईंचे धाकटे दीर काकासाहेब वैजापूरहून येऊन बजावून गेले होते.

"आई, काकांना कळलं तर?"

"कळू दे. फोटो चांगले काढ, म्हणजे नीट कळंल."

ठेवणीतली मोरपंखी साडी नेसून बाई निघाल्या. मकबऱ्यात त्यांनी संगमरवरी जाळीवरून सावकाश हात फिरवला. दगडच होता, पण कुणी बसून भरतकाम करावं तसा. बाई बराच वेळ तिथून हलल्या नाहीत. मग पाणचक्कीला जाऊन दोघी वडाच्या सावलीत भेळ खात बसल्या. मोनिकानं धीर करून फोटो स्टेटसला टाकला. भेळ संपायच्या आत फोन वाजला.

"वहिनी, हे काय चाललंय?" काकासाहेबांचा आवाज चढला होता. "दादाला जाऊन वरीस नाय झालं. लोक काय म्हणतील?"

"काय म्हणतील, भाऊजी?"

"आधी घरी जा!"

"आता दौलताबादला चाललोय," बाई म्हणाल्या आणि फोन मोनिकाच्या हातात दिला. "बंद कर हे."

किल्ल्याच्या पायथ्याशी गाड्या लागतात, तिथं पुंडलिकनं बाईंना ओळखलं. गोकुळरावांच्या जोडीनं गाडी चालवलेला माणूस. लगबगीनं पुढं आला, विचारपूस केली, मग हसून म्हणाला, "वहिनी, तुम्ही अन् इथं? गोकुळभाऊ तर म्हणायचे, आमच्या घरात फिरायची आवडच नाय कुणाला. कितीदा म्हणलं तरी येत नाय म्हणून."

बाईंचा चेहरा उतरला. मोनिकाला वाटलं, आता रडतील. पण त्यांनी पदर कमरेला खोचला.

"असं म्हणायचे व्हय?" एवढंच बोलून त्या दरवाजाकडं वळल्या.

चांद मिनार मागं पडला. खंदकावरचा पूल आला. "आई, गुडघे दुखतील, इथूनच बघू," मोनिका म्हणाली. बाईंनी ऐकलंच नाही. अंधारीच्या काळोख्या भुयारात वटवाघळांचा वास नाकात बसला. मोनिकानं मोबाइलचा उजेड धरला, बाई भिंत चाचपत, धापा टाकत, मधेच बसत, पुन्हा उठत चढत राहिल्या. "मला आवड नाय म्हणं," त्या स्वतःशीच पुटपुटत होत्या, आणि प्रत्येक वेळी पुढची पायरी जरा जोरात चढत होत्या.

किल्ल्यावरच्या बारादरीत पोचल्या तेव्हा वारा असा सुटला होता की पदर आवरेना. खाली शेतं, रस्ते, धुरकट शहर. बाई कठड्याला टेकून उभ्या राहिल्या. डोळे भरले होते, पण ते दुःखानं नव्हे, संतापानं. आणि त्या संतापातही त्यांना लई बरं वाटत होतं.

"काढ फोटो," त्या म्हणाल्या. "अन् टाक."

उतरल्यावर त्या थेट पुंडलिकसमोर जाऊन उभ्या राहिल्या. "आवड होती मला. पहिल्यापासून होती. तुमच्या समद्या ड्रायव्हर लोकांना सांगा. अन् येत्या रविवारी वेरूळला जायचंय, गाडी तुम्हीच आणा."

"व्हय, वहिनी," पुंडलिक मान खाली घालून म्हणाला.

संध्याकाळी काकासाहेब स्वतः येऊन ठेपले. बोलून बोलून दमले. बाईंनी चहा पुढं ठेवला. "रविवारी वेरूळला चाललोय, भाऊजी. जाऊबाईंना पाठवा. त्यांनी तरी कुठं बघितलंय?" काकासाहेब चहा न घेताच उठले.

रविवारी पुंडलिकची गाडी दारात उभी असताना रिक्षातून जाऊबाई उतरल्या. एकट्याच, हातात डब्याची पिशवी.

"काकांना विचारून आलात?" मोनिकानं घाबरत विचारलं.

"सांगून आले," जाऊबाई म्हणाल्या आणि खिडकीजवळची जागा धरून बसल्या.