ओ न देणारा वर्ग आणि कुसुमबाई

कुसुमबाई मेश्राम यांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या हजेरी घेत होत्या आणि कुणीच उत्तर देत नव्हतं. आलापल्लीच्या पुढची आश्रमशाळा, आठवीचे आम्ही तीस जण ओळीनं बसलेलो. डोळे मिटून ऐकलं असतं तर खोली रिकामीच वाटली असती. आधीच्या सरांनी याच कारणानं अख्खा वर्ग गैरहजर मांडला होता, छड्याही दिल्या होत्या.

नागभीडहून नुकत्याच बदलून आलेल्या बाईंनी वही मिटली आणि माझ्याजवळ येऊन बसल्या. "काऊन रे, नाव आवडत नाई का तुले?"

मी सांगितलं. भर दुपारी आमच्या दाराबाहेरून कुणीतरी मोठ्या भावाला नावानं हाक मारली. तो जेवत होता. "हो" म्हणाला, हात धुतला, गेला. तो परत आला नाही. हाक जंगलातल्या बंदूकवाल्यांची की वर्दीतल्या पोलिसांची, आजही ठाऊक नाही. आवाज मात्र शांत होता, घरच्या माणसासारखा. तेव्हापासून आमच्या गावात नावाला कुणी ओ देत नसे. वर्गातल्या बहुतेकांच्या गावी असंच काहीतरी झालेलं.

दुसऱ्या दिवसापासून बाई चेहरे पाहून हजेरी मांडू लागल्या. शेवटी स्वतःचंच नाव पुकारायच्या, "कुसुम मेश्राम!" आणि स्वतःच बारीक आवाजात म्हणायच्या, "हजर, बाई!" चार महिने, रोज. एका सकाळी त्यांच्याआधी मागून कुणीतरी ओरडलं, "हजर!"

"तू कुसुम काय वं?"

"तुमच्या नावाले भेव नाई ना, बाई," वनिता मडावी म्हणाली. वर्ग पहिल्यांदा हसला. मी त्याच दिवशी वनितात अडकलो, ते अजून सुटलेलो नाही.

शाळेवरून पोलिसांचं हेलिकॉप्टर गेलं की कुणाचं पोट दुखे, कुणी बूट घालूनच झोपे. बाई कधी "काई नाई" म्हणाल्या नाहीत. सोबत अंगणात येऊन ते दिसेनासं होईपर्यंत वर पाहत उभ्या राहायच्या. "हा हट्ट नोहे, आजार हाये," असं त्यांनी तपासणीला आलेल्या साहेबांना सुनावलं आणि पोरांना स्वतः दवाखान्यात नेलं.

चंद्रपूरला कॉलेजात दुसऱ्या वर्षी प्राध्यापकांनी माझं नाव तीनदा घेतलं. तोंड उघडेना. पोरं हसली, मी एकाची कॉलर धरली, हजेरीची वही फेकली, पुन्हा गेलो नाही. घरचे चिडले. बाई एसटीनं आल्या. "वही फेकली ते ठीक. कॉलर कायले धरली? तो तर हसणाराच होता, नेणारा नाई."

वनिता आता मूल गावच्या दवाखान्यात नर्स आहे. मी लग्नाचं विचारलं तेव्हा तिनं एकच अट घातली होती: माझ्या दारात ये आणि नावानं हाक मार. दोनदा जाऊन परतलो. गेल्या महिन्यात बाई सोबत आल्या. दुपार होती. मी हाक मारली. तोच शांत आवाज माझ्या गळ्यातून निघाला होता. आत भांड्यांचा आवाज थांबला. मी पळणार होतो, बाईंनी मनगट धरलं. "थांब. तिलेही वेळ लागते."

बऱ्याच वेळानं कडी वाजली. "आली ना! बाईले उन्हात काऊन उभं केलं?"

लग्नाला तिनं अजून होकार दिलेला नाही. पण हाकेला बाहेर आलेलं माणूस बाईंसाठी पाणी आणायला पुन्हा घरात गेलं, हे मी या डोळ्यांनी पाहिलं. साठी पूर्ण करणाऱ्या कुसुमबाईंचे गुडघे असेच चालते राहोत, आवाज असाच खणखणीत राहो. त्यांना उदंड आयुष्य मिळो. आमच्याकडं अजून पुष्कळ घरं दारं लावून गप्प बसली आहेत.