गाडीतली पडदी

दिगंबर गेल्याचा फोन दुपारी आला. त्याच्या मुलीचा, मुग्धाचा. "काका, बाबा गेले," एवढंच म्हणून ती थांबली आणि माझ्या तोंडून पहिला प्रश्न गेला तो असा : "गाडीत होता?" गाडीत नव्हता. ग्वाल्हेरच्या मुरार भागातलं एक काम उरकून तो घरी आला, वरण-भात जेवला, कूलरसमोर आडवा झाला आणि उठलाच नाही. झोपेतच हृदय थांबलं, असं डॉक्टरांनी सांगितलं. ते ऐकून आधी सुटल्यासारखं वाटलं, दुःख मागून आलं. नात्यातल्या ज्यांच्याशी नंतर बोलणं झालं, त्यांतल्या बहुतेकांनी हाच क्रम सांगितला. पाण्याच्या मोटरी गाडीत घालून आयुष्यभर ग्वाल्हेरच्या रस्त्यांवर फिरलेला हा माणूस एक दिवस रस्त्यावरच जाणार, अशी आमच्या घरांत एक न बोललेली समजूत होती. ती खोटी ठरली.

सुटल्यासारखं वाटलं नाही ते फक्त शैलावहिनींना, त्याच्या बायकोला. समाचाराला आलेल्या प्रत्येकाला त्या एकच सांगत होत्या. "मीच हट्टानं गाडीत ती पडदी बसवून घेतली, भाऊजी. पाइप टपावर चढवून चढवून त्यांची छाती गेली..." डॉक्टर काय म्हणाले ते त्यांना सांगून झालं होतं. त्या मान हलवत आणि पुढच्या माणसाला पुन्हा तेच सांगत.

दिगंबर माझा मावसभाऊ. घर जुन्या गोरखी वाड्याच्या मागच्या गल्लीत. त्याच्या आजोबांपर्यंत सगळे दरबारी कचेरीत कारकून. बोअरमध्ये मोटर उतरवणं आणि बिघडली की साखळी-कप्पीनं वर ओढणं, हे काम घरात त्यानेच पहिल्यांदा केलं. हिवाळ्यात नातेवाईक त्याचा उल्लेख "आपला दिगू, मोटरवाला" असा करत. उन्हाळ्यात नळ आटले की तेच लोक फोनवर "दिगंबरराव" म्हणत. तो दोन्ही हाकांना सारखीच ओ देई.

काही वर्षांपूर्वी मुरारच्या बाजारात गाय आडवी आली आणि त्याने करकचून ब्रेक दाबला. मागे ठेवलेली मोटर सरपटत पुढे आली आणि त्याच्या सीटच्या पाठीवर आदळली. त्याला लागलं नाही. पण सीटच्या पत्र्याला पडलेला खळगा वहिनींनी पाहिला आणि सांगून टाकलं की, सामान आणि माणूस यांच्यामध्ये काहीतरी घट्ट बसेपर्यंत ही गाडी दारातून हलायची नाही.

दिगंबरने वेल्डिंगवाल्याला फोन केला. आमच्या मराठी घरांत खोलीच्या मधल्या पातळ भिंतीला पडदी म्हणतात. आयुष्यभर दोन्ही भाषा एकाच तोंडाने बोलल्यामुळे कोणता शब्द कुठला, याचा हिशेब त्याने कधी ठेवला नव्हता. "सीट के पीछे एक मजबूत पडदी लगा दो," असं सांगून तो मोकळा झाला. संध्याकाळी गाडी आणायला गेला, तर सीटच्या मागे जाड रेक्झिनचा पडदा टांगलेला. वर कड्या, खाली झालर. "भाईसाब, मजबूत बोले थे ना, तो डबल सिलाई करवा दी," वेल्डिंगवाला म्हणाला. गाडी घरी आली तेव्हा वहिनींनी पडदा एकदा डावीकडे सरकवला, एकदा उजवीकडे.

"छान. आता मोटर नुसती अंगावर नाही यायची. पडदा बाजूला सारून येईल."

दुसऱ्या दिवशी त्या स्वतः वेल्डिंगवाल्याच्या कारखान्यात गेल्या. मीही होतो. जाळी की पत्रा, असा पहिला प्रश्न होता. जाळीतून हवा खेळते आणि मागचं दिसतं, पण जड मोटर आली तर ती वाकेल, असं वेल्डिंगवाला म्हणाला. "मोटी चादर लगवाओ." चादर म्हणजे त्याच्या हिंदीत पत्रा. वहिनी म्हणाल्या, "काल पडदा, आज चादर. उद्या उशी द्याल." पण पत्राच ठरला, वरच्या बाजूला छोटी जाळीची खिडकी ठेवून. खरी अडचण पाइपांची होती. लोखंडी पाइप गाडीपेक्षा लांब. दिगंबर ते मागून सरकवून शेजारच्या सीटवरून थेट काचेपर्यंत आणत असे. आरपार पत्रा बसला की ती वाट बंद होणार होती. म्हणून त्याने पर्याय काढला : पत्रा फक्त चालकाच्या मागे, शेजारची बाजू मोकळी.

"साइडवाली सीट पे कौन बैठता है?" वेल्डिंगवाल्याने विचारलं.

"कोई नहीं," दिगंबर म्हणाला.

वहिनी शेजारीच उभ्या होत्या. दर रविवारी मुरारला बहिणीकडे जाताना त्या त्याच सीटवर बसत. "कोई नहीं म्हणजे मीच ती," त्या म्हणाल्या. वेल्डिंगवाल्याने टेप उचलला आणि गाडीची पूर्ण रुंदी मोजायला घेतली.

पत्रा आरपार बसला. टपावर कॅरियर आला. "पाइप वर चढवायला लागणार, माझी कंबर जाईल. मग बोलू नकोस," दिगंबरने बजावलं. त्यानंतर रोज संध्याकाळी तो कमरेवर हात ठेवून घरात शिरे. "तुझी पडदी!" एवढंच म्हणे आणि दिवाणावर पालथा पडे. वहिनी तेल गरम करत, कंबर चोळून देत, आल्याचा चहा करत. गाडी सकाळी निघताना टपावर पाइप असत, परतल्यावरही असत. उरलेले परत आणले असतील, असं त्या समजत. पुढे त्याला छातीची तक्रार सुरू झाली. डॉक्टरांनी वजन उचलायला मनाई केली, तो हो म्हणाला, आणि टपावर पाइप दिसतच राहिले. वहिनींनी तेव्हाच मनाशी जोडून टाकलं होतं, हे आम्हाला तो गेल्यावर कळलं.

तेराव्यानंतर शहराच्या लष्कर भागातले पाइपचे एक व्यापारी भेटायला आले. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर संकोचत म्हणाले, "भाभीजी, भाईसाब के दो काम अधूरे हैं. पाइप हमारा लोडर ही पार्टी के घर डाल आएगा, जैसे हमेशा डालता है."

"हमेशा?"

"जब से गाडी में वो दीवार लगी, तब से. वो बोले, अब हमसे नहीं ढोया जाएगा."

"और ऊपर जो बंधे हैं?"

व्यापाऱ्यांनी मुग्धाकडे पाहिलं. मुग्धाने भिंतीकडे.

"आई, ते दोनच आहेत. तेच ते. पहिल्या आठवड्यात बांधले, नंतर कधी सोडलेच नाहीत."

"तुला माहीत होतं?"

"बाबा म्हणाले होते, आईला कळलं तर तेल बंद होईल."

वहिनी म्हणाल्या, "नाटकी माणूस!" आणि हसायला लागल्या. डोळ्यांना पदर लावून, पण हसतच. शेजारच्या बायकांना काय करावं कळेना. एकीने पाणी आणून दिलं. त्या प्यायल्या आणि म्हणाल्या, "इतकी वर्षं कंबर चोळली मी. धडधाकट कंबर!" त्यानंतर पडदीचा विषय त्यांनी कोणापाशी काढला नाही. मुग्धा सांगते, त्या रात्री त्या सलग झोपल्या.

परवाच्या रविवारी मुग्धाने गाडी काढली, आईला मावशीकडे न्यायला. मी फाटकाशी होतो. वहिनी बसण्याआधी थांबल्या आणि वर पाहू लागल्या. दोन्ही पाइप गंजून तांबडे झाले होते, दोरीच्या गाठी उन्हाने दगडासारख्या. मुग्धा म्हणाली, "काढून ठेवू का, आई? विनाकारण ओझं."

वहिनी आत बसल्या, पत्र्याला पाठ टेकली आणि दार ओढून घेतलं.

"असू देत," त्या म्हणाल्या. "जड नाहीत ते."